टायगर घ्यावा की टी-३४: मोजक्या पैशांत पहिला रणगाडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन विमानांची मॉडेलं जोडून झाली आहेत आणि आता पहिला रणगाडा जोडायचा आहे. मनात टायगर आहे, दुसऱ्या महायुद्धातला जड जर्मन रणगाडा. रक्कम ठरलेली आहे आणि थोडी आहे. किट, गोंद, रंग सगळं त्यातच बसवायचं आहे आणि एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचं यंत्र, नाही. समोर तीन डबे आहेत. एक खूप जुना १/३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मापाचा) टायगर, तिघांत सगळ्यात स्वस्त. दुसरा नवा १/३५ टायगर, आतलं इंजिन, तोफगोळे, बसायच्या जागा असं सगळं असलेला, मोठ्या सवलतीत. तिसरा १/७२ चा टी-३४, त्याच युद्धातला सोव्हिएत रणगाडा. कोणता घ्यावा?

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. दुसरा डबा सवलतीत असला तरी ठेवून द्या. पहिला, आत कोणता साचा आहे हे कळेपर्यंत घेऊ नका. तिसरा बिनधोक आहे. आणि माझं मत विचाराल तर या तिघांत नसलेला चौथा डबा शोधा: १/३५ चा टी-३४/८५ (८५ मिलिमीटर तोफेचा टी-३४), रबरी ट्रॅकचा (चाकांभोवतीच्या पट्ट्याचा), खालचा हल, म्हणजे रणगाड्याचं धड, एकसंध असलेला. टायगरचं काय करायचं तेही पुढे सांगतो. मनात एक आणि हातात दुसरं असलं की मॉडेल अर्धवट राहतं, याचे पुरावे माझ्या कपाटात आहेत.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या छंदासाठीच कुणी केली असावी असं मला कित्येकदा वाटतं. डब्यावरची किंमत ही नुसती कोंबडीची. मसाला कुठे आणि किती लागणार हे डबा घेण्याआधी ओळखता आलं, तर थोड्या पैशांत छान निभावतं. रणगाड्यात हा मसाला मुख्यतः दोन जागी लागतो, ट्रॅकवर आणि रंगावर. म्हणून मी कुणालाही किट सुचवताना आधी कंपनी बघत नाही. त्या रणगाड्याची चाकं किती, ट्रॅक कसले आणि अंगावर रंग किती, हे आधी बघतो.

विमानं जोडलेल्या माणसाला रणगाडा सोपा जातो. कॉकपिटची काच नाही, पंखांचा कोन चुकायची धास्ती नाही, सांधा जरासा दिसला तरी वेल्डिंगचा व्रण म्हणून खपून जातो आणि राहिलेलं चिखल झाकतो. विमानात नसलेली एकच भानगड इथे असते, ती ट्रॅकची. किटमध्ये ट्रॅक साधारण तीन तऱ्हांचे मिळतात. रबरासारख्या मऊ विनाइलची अखंड पट्टी, दोन टोकं जोडली की झालं. दुसरे कडक प्लास्टिकचे, वर-खाली लांब सलग तुकडे आणि वळणावर सुटे दुवे. तिसरे पूर्ण सुट्या दुव्यांचे. त्यातही काही पिनांनी जोडून खरोखर फिरणारे.

सुट्या दुव्यांचं गणित आधीच करून बघा. टायगरला एका बाजूला ९६ दुवे असतात, टी-३४ ला ७२, अमेरिकन शर्मनला ७९. म्हणजे टायगरचे दोन्ही बाजूंचे मिळून १९२. प्रत्येक दुवा स्प्रूला (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिला) समजा तीन जागी चिकटलेला असेल, तर कापून-घासून साफ करायच्या जागा झाल्या ५७६. एवढं झाल्यावर जोडायला सुरुवात! अनुभवी माणूस हे काम गाणी ऐकत चार संध्याकाळी करतो. पहिल्या रणगाड्यावर माणूस दुसऱ्या संध्याकाळी डबा बंद करतो आणि तो पुढे उघडत नाही. म्हणून पहिल्यासाठी रबरी पट्टी, नाहीतर सलग तुकड्यांचे ट्रॅक. रबरी ट्रॅकला अनेक जण नाकं मुरडतात. त्यांचं ऐकू नका, पण त्यांची तक्रार काय आहे ती मात्र समजून घ्या.

तक्रार अशी की खरा ट्रॅक लोखंडाचा आणि भयंकर जड असतो. टायगर, पँथर (हाही जर्मन रणगाडा), टी-३४ या तिघांनाही वरून ट्रॅक पेलणाऱ्या वेगळ्या छोट्या चाकऱ्या नाहीत, त्यामुळे ट्रॅक वरच्या बाजूने लोंबतो आणि मोठ्या चाकांच्या माथ्यावर टेकतो. रबरी पट्टी मात्र रिबिनीसारखी ताणून राहते आणि सगळा रणगाडा खेळण्यातला दिसू लागतो. यावर उपाय फुकटात आहे. ट्रॅक चढवल्यावर चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूचा एकेक ठिपका देऊन ट्रॅक खाली दाबून धरायचा, किंवा मडगार्ड आणि ट्रॅक यांच्या फटीत फोमचा काळा रंगवलेला तुकडा खुपसायचा. तो बाहेरून दिसत नाही आणि ट्रॅक खाली बसतो. एवढं केलं की हातभर अंतरावरून फरक ओळखणारे थोडेच.

शर्मनची गोष्ट उलटी. त्याला वर चाकऱ्या असतात आणि त्याचे रबरी ठोकळ्यांचे ट्रॅक बऱ्यापैकी ताणूनच धावतात, म्हणजे रबरी पट्टी त्याला जशीच्या तशी शोभते. फक्त त्याची चाकं एकेका बाजूला तीन बोगींत बसवलेली असतात आणि प्रत्येक बोगी हे एक छोटं स्वतंत्र मॉडेलच असतं. सहा बोगी जोडताना सहावी पहिलीपेक्षा खूप बरी होते, त्यामुळे पहिली मागच्या बाजूला बसवा.

आता चाकं मोजू. सुरुवातीच्या टायगरला एका बाजूला आठ आस आणि प्रत्येक आसावर तीन चकत्या, म्हणजे २४. दोन्ही बाजू मिळून ४८, एकमेकींत गुंतलेल्या आणि प्रत्येकीला काठाने रबर. हे ४८ रबरी काठ हाताने रंगवायचे आहेत. टी-३४ ला बाजूला पाच जोडचाकं, दोन्हीकडच्या मिळून २० चकत्या. मी टी-३४ कडे का ओढतोय ते आता लक्षात आलं असेल.

रंगाकडे येतो, कारण एअरब्रश नाही म्हटल्यावर निम्मा निकाल इथेच लागतो. जर्मन रणगाडे फेब्रुवारी १९४३ पर्यंत गडद राखाडी रंगात येत. त्यानंतर पिवळट रंगात येऊ लागले आणि त्यावर हिरव्या-तपकिरी रंगांचे फवारे दिले जात. ते फवाऱ्याचे असल्यामुळे पट्ट्यांच्या कडा धूसर असतात. धूसर कडा ब्रशने काढणं हे वेगळंच कसब आहे. पहिल्या रणगाड्यावर केलं तर बहुतेक वेळा रंगाचे थर साचतात आणि बारीक रिव्हेट बुजतात. सोव्हिएत रणगाडा मात्र एकरंगी हिरवा, अमेरिकन शर्मन एकरंगी ऑलिव्ह. एकरंगी म्हणजे एक स्प्रेचा डबा. २०-२५ सेंटिमीटरवरून पातळ हात मारायचे, प्रत्येक हातानंतर वाळू द्यायचं, तीन-चार हातांत काम फत्ते. लॅकर स्प्रे असेल तर तो प्लास्टिकला थेट धरतो, वेगळ्या प्रायमरचा खर्चही वाचतो. सोव्हिएत रणगाड्यांवरचे आकडे शिपायांनी हाताने, बऱ्याचदा वेडेवाकडे रंगवलेले असत. त्यामुळे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) खराब निघाली तर बारीक ब्रशने स्वतः आकडे काढा, वेडेवाकडे आले तर जास्तच खरे वाटतील.

हिवाळी पांढरा रंग हा ब्रशवाल्यांचा मित्र आहे. युद्धातही तो घाईने, मिळेल त्या ब्रशने फासलेला असे आणि महिन्याभरात खरवडून निघत असे. हिरव्यावर पाणचट पांढरा फासून, ओल्या ब्रशने जागोजागी उडवला की जे दिसतं ते चुकीसारखं न दिसता अस्सल दिसतं.

आता टायगरबद्दल. मन तिथेच अडकलं असेल तर टायगर घ्या, पण कोणता ते नीट ठरवून. फेब्रुवारी १९४४ पासूनच्या टायगरला पोलादी काठाची चाकं आली. आसावर तीनच्या जागी दोन चकत्या, म्हणजे बाजूला १६. चाकं कमी, रबरी काठ रंगवायची कटकट नाही. स्वस्तात मिळणारे बरेच टायगर या उत्तरार्धातले असतात, त्यामुळे नवा माणूस खूश होऊन तो उचलतो. इथेच गंमत आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबर १९४३ पासून सप्टेंबर १९४४ पर्यंत जर्मन कारखान्यांत रणगाड्यांवर झिमेरिट नावाचा लेप लावत. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून हलभर लावलेला तो खडबडीत, रेघारेघांचा गिलावा. उत्तरार्धातल्या टायगरवर तो हवाच. पण जुन्या साच्यांच्या किटमध्ये पृष्ठभाग गुळगुळीत असतो, झिमेरिट नसतं. मग एकतर पुट्टी थापून दातेरी पात्याने रेघा ओढत बसा, नाहीतर वेगळा रेझिनचा किंवा चिकटवायचा संच घ्या, जो कधी कधी किटच्या निम्म्या किमतीचा असतो. वर तीन रंगांचा कॅमोफ्लाज. झाला बारा आण्याचा मसाला.

म्हणून मोजक्या पैशांतला टायगर हा सुरुवातीचा टायगर. १९४२ च्या ऑगस्टअखेरीस लेनिनग्राडच्या आघाडीवर टायगर पहिल्यांदा लढाईत उतरला, आणि तिथले ते पहिले टायगर राखाडी होते. झिमेरिट तेव्हा नव्हतंच. एक राखाडी स्प्रे, थोडं पांढरं हिवाळी फासकाम, की झालं. चकत्या ४८ आहेत, त्याला इलाज नाही. पण आतल्या ओळींच्या चकत्या दिसत नाहीत, त्यांचे काठ रंगवलेच नाहीत तरी कुणाला कळणार नाही. मी रंगवत नाही. तामिया या जपानी कंपनीने १९९० च्या दशकात काढलेला सुरुवातीचा टायगर रबरी ट्रॅकचा आहे आणि आजही जोडायला सुखाचा आहे. नव्या महागड्या किटांच्या शेजारी ठेवला तर तपशील थोडे कमी भरतील, पण भाग जिथे बसायचा तिथे बसतो, आणि पहिल्या रणगाड्यात मला तेच महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या पहिल्या डब्याचं दुखणंही इथेच आहे. 'खूप जुना' म्हणजे किती जुना? १९६०-७० च्या दशकांतले अनेक १/३५ रणगाडे मोटार घालून चालवायचे खेळणे म्हणून बनले होते. १/३५ हे विचित्र माप आलं तेही तिथूनच. तामियाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर काढला, तेव्हा आत मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात असा त्याचा आकार ठरवला. नंतर मोजलं तर ते माप साधारण १/३५ भरलं, आणि पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. अशा जुन्या किटच्या हलच्या तळाला मोटारीची आणि स्विचची भोकं असतात. दुसरं म्हणजे ट्रॅकच्या वर हलचा जो भाग बाहेर येतो, तो खालून उघडाच असतो. बाजूने बघितलं की आतली पोकळी दिसते. दोन्ही प्लास्टिकच्या पत्र्याने बुजवता येतात, पत्रा नसेल तर जाड पुठ्ठ्यावर सुपरग्लू मुरवूनही चालतं. हे काम एका संध्याकाळचं आहे, पण ते करावं लागणार हे आधी ठाऊक हवं. काही जुन्या किटची मापंही चुकलेली असतात, रणगाडा उगाच रुंद किंवा बुटका. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. १/३५ मध्ये दोन मिलिमीटर चुकले म्हणजे खऱ्या रणगाड्यात सात सेंटिमीटर. टेप घेऊन मोजल्याशिवाय ते दिसत नाही. उघडी पोकळी मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते.

साचा किती जुना हे डब्यावरून कळत नाही, ही या धंद्यातली मोठी मेख. एकच साचा एका कंपनीकडून दुसरीकडे जातो, नवं चित्र, नवी डिकल आणि नवा डबा घालून पुन्हा बाजारात येतो. एअरफिक्सने २०१९ पासून १/३५ चे रणगाडे काढले त्यांच्या डब्यात ॲकॅडमीचे साचे होते. झ्वेझ्दाने स्वतःचे नवे साचे काढले आणि इटालेरी, ड्रॅगन यांचे जुनेही स्वतःच्या डब्यात विकले. रेव्हेलचंही तेच. यात फसवणूक नाही; उलट थोड्या पैशांतल्या माणसाचा यात फायदाच आहे, कारण नामवंत कंपनीचा चांगला साचा दुसऱ्या कंपनीच्या डब्यात बराच स्वस्त मिळून जातो. फक्त कुठल्या डब्यात काय आहे ते माहीत हवं. स्केलमेट्स या संकेतस्थळावर बहुतेक किटचा वंशवृक्ष सापडतो, कुठल्या साली साचा नवा बनला आणि नंतर कुठल्या डब्यांत फिरला ते. डबा घेण्याआधी पाच मिनिटं तिथे घालवावीत. डब्यावर छापलेलं साल हे बहुतेकदा डब्याचं असतं, साच्याचं नसतं.

आणि चित्राकडे बघू नका, स्प्रूचे फोटो बघा. मी त्यात पहिल्यांदा खालचा हल बघतो. तो एका तुकड्यात, टबासारखा असेल तर उत्तम. तळ, दोन बाजू, मागचा पत्रा असे सुटे भाग जोडून करायचा असेल, तर एक बाजू केसभर वर चढली तरी पुढे एक चाक हवेत राहतं. मग ट्रॅक बघतो. मग तोफेची नळी: दोन अर्ध्या फाळक्या असतील तर सांधा घासावा लागेल, एका तुकड्यात आणि तोंडाला भोक असेल तर काम वाचलं. घासणं पंधरा मिनिटांचं असतं, त्यामुळे फाळक्या आहेत म्हणून धातूची नळी वेगळी विकत घ्यायची गरज नाही. हातकुऱ्हाड, फावडं असली हत्यारं हलवरच साच्यात कोरलेली असतील तर नव्या माणसाने आनंद मानावा. शेवटी जोडणीची पुस्तिका. बहुतेक किटची पुस्तिका आधीच बघायला मिळते. पायऱ्या मोजा आणि भाग किती यापेक्षा त्यातले किती नुसत्या ट्रॅकचे आहेत ते बघा. सहाशे भागांपैकी दोनशे दुवे असतील तर तो किट वाटतो तेवढा अवघड नाही, कंटाळवाणा आहे.

दुसरा डबा, आतल्या सगळ्या सामानासकटचा. मिनीआर्ट, रायफिल्ड यांचे असे किट बघताना भान हरपतं, हे मान्य. मीही एकदा मोठ्या सवलतीला भुललो. इंजिन जोडलं, रंगवलं, तारा घातल्या, तोफगोळे एकेक करून रंगवले. तोफगोळ्याला पितळी रंग, आतल्या भिंतींना फिकट मलई रंग, खालच्या भागाला लालसर प्रायमर, गिअरबॉक्सला आणखी वेगळा. किटच्या सवलतीत वाचले तेवढे पैसे रंगांच्या बाटल्यांत गेले आणि हे सगळं वरचा हल चिकटवल्यावर दिसेनासं होणार होतं. मग तो चिकटवायला मन होईना. तो रणगाडा आजही उघड्या पोटाने कपाटात आहे. असे किट वाईट नाहीत, पण भाग पाचशेच्या पुढे, काही तर हजाराच्या पुढे जातात आणि आतल्या भागात केसभर चूक झाली की वरचं झाकण बसत नाही. तिसरा-चौथा रणगाडा झाल्यावर हौसेने घ्यावा असा तो माल आहे.

तिसऱ्या डब्याला बिनधोक म्हटलं, त्याचं कारण साधं भूमितीचं आहे. १/७२ चं मॉडेल लांबीने १/३५ च्या निम्मं, पण पृष्ठभागाने जेमतेम पाव. रंग, वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), वार्निश सगळं पाव लागतं. टी-३४/८५ तोफेसकट १/३५ मध्ये २३ सेंटिमीटरच्या आसपास, १/७२ मध्ये ११. ठेवायला जागाही कमी. झ्वेझ्दाचे १/७२ चे रणगाडे तर गोंदाशिवाय खटाखट बसतात, तरीही दिसायला चोख आहेत. मग मी १/३५ चा आग्रह का धरतो? एकतर सुरुवातीला चिखल, गंज, खरचटे यांचा हात बसवायला थोडा मोठा पृष्ठभाग सोपा जातो. दुसरं म्हणजे १/३५ मध्ये सैनिक, बादल्या, पेट्या असं सुटं सामान भरपूर मिळतं आणि उरलेलं पुढच्या मॉडेलला कामी येतं. पण रक्कम खरोखरच तुटपुंजी असेल, तर एका १/३५ च्या पैशांत दोन-तीन १/७२ येतात, आणि दोन रणगाडे पूर्ण केलेल्या माणसाला एकच पूर्ण केलेल्यापेक्षा जास्त येतं, हेही खरं. १/४८ हा मधला मार्ग. पृष्ठभाग १/३५ च्या साधारण निम्मा. तामियाची ही मालिका जोडायला फार गोड आहे, ट्रॅक सलग तुकड्यांचे आहेत. सुरुवातीच्या काहींचा खालचा हल धातूचा होता, त्याला प्लास्टिकचा गोंद लागत नाही, सुपरग्लू लागतो. निवड मात्र कमी आहे.

पैशांची वाटणी कशी करावी? ठरलेल्या रकमेचे दहा भाग केले तर पाचाच्या वर किटवर घालू नका. उरलेल्या पाचांत एक बरा निपर (भाग कापायची छोटी पक्कड), पातळ प्लास्टिक सिमेंट, एक स्प्रे, चार छोटे रंग, मॅट वार्निश. विमानं जोडली आहेत तर यातलं काही घरात असेलच, मग किटवर सहा भाग घाला. मोठ्या संचांच्या नादी लागू नका. वेदरिंगचा (मॉडेल वापरलेलं, मळलेलं दाखवायचा) संच म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं घरी होतं. चित्रकाराच्या तैलरंगाची गडद तपकिरी एक नळी आणि गंधहीन टर्पेंटाइन एवढ्यात वर्षानुवर्षं पुरेल इतका वॉश होतो. खडूचे पेस्टल घासले की धूळ. शिसपेन्सिल ट्रॅकच्या उंचवट्यांवर फिरवली की झिजलेलं लोखंड. पॅकिंगच्या फोमचा चिमटीएवढा तुकडा गडद तपकिरी रंगात टेकवून, बराचसा पुसून, कडांवर ठिपवला की खरचटे. स्प्रूचे तुकडे पातळ सिमेंटमध्ये रात्रभर विरघळवले की पुट्टी. तोच स्प्रू ज्योतीवर मऊ करून ओढला की अँटेना. धातूचे पातळ नक्षीदार पत्रे, रेझिनची चाकं, पितळी नळ्या यांतलं पहिल्या रणगाड्याला काहीही लागत नाही.

वॉशच्या बाबतीत एक ठेच मी खाल्ली आहे. टर्पेंटाइन मिसळलेला वॉश चाकांमागे सढळ हाताने ओतला होता. आत, न रंगवलेल्या प्लास्टिकवर तो साचला, आणि दाबून बसवलेल्या दोन आसांना सकाळी तडे गेलेले. वॉश नेहमी रंग पूर्ण वाळल्यावर, थोडा थोडा, आणि जिथे प्लास्टिकवर ताण आहे तिथे जपून. लॅकर किंवा ॲक्रिलिक रंगावर तैलवॉश चालतो. खालचा रंग एनॅमलचा असेल तर मात्र तो रंगच उचलेल. आणि स्प्रे, सिमेंट, टर्पेंटाइन या तिघांसाठी खिडकी उघडी ठेवा.

राहिला कुणी तरी न जोडता विकायला काढलेला जुना किट. मोजक्या पैशांतला सगळ्यात चांगला सौदा बहुतेक वेळा हाच असतो, कारण या छंदातली माणसं जोडतात त्याच्या दसपट जमवतात आणि कधी तरी कपाट रिकामं करतात. पुस्तिकेतल्या स्प्रूच्या नकाशाशी अक्षरं ताडून सगळे स्प्रू आहेत का बघा. डिकलचा कागद पिवळा पडला असेल तर घाबरू नका, खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन दाखवलं की बराचसा पांढरा होतो. अर्धवट जोडलेला किट रंगकामाचा सराव म्हणून झकास, पण किंमत तशीच असायला हवी. आणि रबरी ट्रॅक इतकी वर्षं चाकांच्या स्प्रूला टेकून पडले होते का, हे डबा उघडून हाताने उचलून बघा. काही विनाइल कडक प्लास्टिकला हळूहळू खातं. माझ्या एका किटची चार चाकं ट्रॅकच्या नक्षीसकट वितळलेली निघाली होती. तुम्ही नवा डबा आणलात तरी, जोडायला महिनाभर वेळ नसेल तर ट्रॅक काढून वेगळ्या पिशवीत ठेवा.